विनोदी एक कमी, कादंबरी एक जास्त

मार्च आला की आमच्या वाचनालयात साठा पडताळणी निघते. एकेक कपाट उघडायचं, दाखल नोंदवहीतला क्रमांक पुस्तकावरच्या क्रमांकाशी ताडायचा, खूण करायची, पुढचं पुस्तक. देवघेव काही बंद ठेवता येत नाही. एरवी महिना महिना न फिरकणारे सभासदही नेमके त्याच दिवसांत पुस्तक बदलायला येतात आणि धुळीने शिंकत उभे राहतात.

त्या दिवशी ‘विनोदी’चं कपाट काढलं होतं. पुलं, चिं. वि. जोशी, मिरासदार, शंकर पाटील. यांचं बाइंडिंग कितीही वेळा करा, टिकत नाही, इतकी ती फिरतात. मी खाली बसून क्रमांक वाचत होते, शिपाई वर खुणा करत होता. तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आल्या आणि श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ टेबलावर आपटलीच म्हणा ना.

“मॅडम, हे विनोदीत कोणी ठेवलं? रोज रात्री घेऊन बसतेय. एकदा हसू आलं असेल तर शपथ.”

नोंदवही पाहिली. विभाग : विनोदी. अक्षर माझ्या आधीच्या ग्रंथपालांचं. कादंबरी 2006 ची, पुढे 2008 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण आमच्याकडे आली तेव्हा बहुधा नाव वाचूनच तिची रवानगी त्या कपाटात झाली असावी. मी प्रत उघडली, पानं फाटलीत का बघायला, आणि मध्येच एका पानाच्या समासात शिसपेन्सिलीचा मजकूर दिसला. वर एका गोल अक्षरात : ‘हे विनोदी आहे?’ खाली दुसऱ्या, तिरक्या अक्षरात : ‘हो. पुन्हा वाचा.’ त्याखाली पहिलंच गोल अक्षर : ‘वाचलं. नाही.’ आणि सगळ्यांच्या खाली लाल शाईने, आधीच्या ग्रंथपालांचं, नोंदवहीतलंच अक्षर : ‘पुस्तकात लिहू नये.’

गोल अक्षरवाल्याने त्याच पानासाठी पुस्तक दोनदा नेलं होतं. माझ्या मते लेखकाला याहून मोठी दाद मिळायची नाही. काकूंना मी ते पान दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “बघा, मी एकटीच नाही.”

त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे विनोद वाचला जातो तो कथेत, लेखात, दिवाळी अंकात. आठ-दहा पानं, दर परिच्छेदाला एक हशा, शेवटी कलाटणी. ‘बटाट्याची चाळ’सुद्धा कादंबरी नव्हे. चिमणराव घरोघरी पोचले ते सुट्या गोष्टींतून. कादंबरीभर पुरणारा उपहास ही मराठी वाचकाच्या सवयीची गोष्टच नाही. त्यात श्याम मनोहरांची वाक्यं आखूड, सूर कोरा. माणसं अतिशय गंभीरपणे साध्या गोष्टी बोलतात आणि लेखक कुठेही डोळा मिचकावत नाही. हसायचं कुठे हे वाचकाला कोणी सांगत नाही. काकूंना त्याचाच राग आला होता.

संदर्भाच्या टेबलाशी एम. ए. मराठीची एक मुलगी टिपणं काढत बसली होती. ती न विचारताच बोलली, “काकू, मलाही वाचताना हसू आलं नव्हतं. मग एकदा घरी सगळे जेवायला बसलो होतो. बाबा, काका, आत्या, फ्रिज कुठला घ्यायचा यावर बोलत होते. सगळं त्या पुस्तकातल्यासारखंच. मला ठसका लागला.” काकू म्हणाल्या, “म्हणजे पुस्तक वाचायचं आमच्याकडे आणि हसायचं तुमच्या घरी?” त्यावर मात्र सगळेच हसले.

मग पडताळणी राहिली बाजूला. शाळेतले एक सर ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ परत करायला आले होते. प्रवीण बांदेकरांच्या या कादंबरीला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हापासून ती आमच्याकडे सतत बाहेर असते. सर म्हणाले, “उपहास आहे, पण हसायला येत नाही, भीती वाटते. हे कुठल्या कपाटात घालाल?” ती आधीपासून कादंबरीतच होती, म्हणून मी सुटले. एका औषधविक्रेत्यांनी तर निकालच दिला : विनोद निर्विष हवा, कोणाला बोचता कामा नये. हे ‘निर्विष’ प्रकरण मला कधी पटलेलं नाही. न बोचणारा उपहास वाचून करायचं काय? पण काउंटरच्या मागून वाचकाशी वाद घालायचा नाही हे नोकरीत शिकलेलं आहे.

आप्पा आले ते यानंतर. तहसील कचेरीत अभिलेख कक्षात, म्हणजे जिथून जुन्या कागदांच्या नकला मिळतात तिथे, त्यांची सगळी नोकरी गेली. बोलणं मोजकं. हिंदी कपाटातली ‘राग दरबारी’ मीच त्यांना सुचवली होती, त्यात कचेरी आहे म्हणून. श्रीलाल शुक्लांची ही कादंबरी 1968 ची, पण शिवपालगंजातली सोसायटी, कॉलेज आणि पंचायत वाचताना साल आठवत नाही. नेणारे बहुतेक जण हसत परत करतात. आप्पांनी पुस्तक ठेवलं ते गप्पच.

“कसं वाटलं?” मुलीने विचारलं.

“तो लंगड,” आप्पा म्हणाले.

लंगडला तहसिलीतून एक नक्कल हवी असते. नकलबाबू पाच रुपये मागतो, हा दोनच देतो. वाद होतो. मग बाबू शपथ घेतो की आता लाच घेणार नाही, नियमानेच नक्कल देईन. आणि लंगडही शपथ घेतो की लाच देणार नाही, नियमानेच घेईन. दोघेही सत्याने वागायला निघतात आणि नक्कल काही मिळत नाही. वाचणाऱ्याची इथे हसून मुरकुंडी वळते.

“लेखकाने खोटं काही लिहिलं नाही,” आप्पा म्हणाले. “अर्जात खोट निघते, फी कमी पडते, नाव जुळत नाही. नियमाने चाललं की असंच होतं. पण सगळे त्या लंगडबरोबर खिडकीच्या बाहेर उभे राहून हसतात. मी आत बसायचो. आमच्याकडे एक म्हातारा यायचा, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यासाठी. त्याला मी नियमच सांगायचो. पैसे कधी मागितले नाहीत मी.” जरा थांबून म्हणाले, “त्याला उतारा मिळाला की नाही, आता आठवत नाही.”

कोणी काही बोललं नाही. औषधविक्रेते उगाच घड्याळ बघू लागले. मला विचारायचं होतं की मग पुस्तक आवडलं की नाही, पण तो प्रश्न अगदीच पोरकट वाटला. इतकी वर्षं मी वाचकांना हसू आलं का एवढंच विचारत आले. पुस्तकातल्या कुठल्या खुर्चीत तो वाचक आयुष्यभर बसला होता, हे कधी विचारलं नाही. बँकेतल्या काकूंना घराघरांतल्या कोऱ्या संवादात काही दिसलं नाही; उद्या कर्जप्रकरणांवर कोणी कादंबरी लिहिली तर त्या पहिल्या पानापासून हसतील किंवा पहिल्या पानालाच मिटून ठेवतील.

आप्पांनी पुस्तक परत केलं नाही. पुढे वाढवून मागितलं. “अजून एकदा वाचतो. हिंदी हळू जातं मला.” मी तारखेचा शिक्का मारला.

राहिला प्रश्न कपाटाचा. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ड्युई दशांश पद्धती शिकवतात. तिच्यात मराठी कादंबरी 891.463 ला आणि विनोद-उपहास 891.467 ला, पण कृती मुळात कादंबरी असेल तर ती हसवो की रडवो, 463 सोडायचा नाही. ड्युईसाहेबांनी वाचकांची भांडणं आधीच पाहिलेली असावीत. आमच्याकडे ड्युई परीक्षेपुरता, कपाटांवर नुसत्या पाट्या. तरी मी तोच नियम धरला आणि ‘उत्सुकतेने मी झोपलो’ कादंबरीत नेऊन ठेवली. काकू म्हणाल्या, “आता कसं!” आणि मिरासदार घेऊन गेल्या. समासातला मजकूर मात्र मी खोडला नाही. तो खोडणं नियमात बसतं, तरीही.

पडताळणीच्या तक्त्यात अर्थातच घोळ झाला : विनोदी एक कमी, कादंबरी एक जास्त. कार्यवाहांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, ‘सदर ग्रंथ विनोदी आहे किंवा कसे, याबाबत सभासदांत एकमत नसल्याने तो कादंबरी विभागात वर्ग केला आहे.’ त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सगळं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, ‘पूर्वी नजरचुकीने विनोदी विभागात नोंद.’ मग सही केली.