स्मार्ट काठी राहू दे, नोट्स वाचता येतील असं करा

रविवारी मी दृष्टिहीन मुलांना कॉम्प्युटर शिकवते. दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि तो बहुतेक वेळा सेन्सर लावलेली स्मार्ट काठी हाच असतो. आमची मुलं भिडस्त. चालून दाखवतात, फोटो काढू देतात आणि मग आपली घडीची पांढरी काठी उघडून बस पकडायला निघतात.

त्यांचं खरं काम भागतं ते एनव्हीडीए या सॉफ्टवेअरवर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे जेम्स तेह हा दृष्टिहीन मित्रही सोबत आला. स्क्रीनवरचा मजकूर ते वाचून दाखवतं, मराठीसुद्धा. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरूनही चालतं. आवाज यांत्रिक आहे, पण मुलं त्याचा वेग इतका वाढवतात की मला नुसता ताशा वाजल्यासारखा वाटतो. इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्डही त्यांना लवकर जमतो. एफ आणि जे या कळांवर उंचवटा असतो. तिथे पहिली वेलांटी आणि र. क ची कळ शिफ्टसकट दाबली की ख, ग ची दाबली की घ.

घोडं अडतं नोट्सपाशी. परवा एकीने तलाठी भरतीच्या नोट्स उघडल्या. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना 'मराठी' दिसतं, पण फाइलमध्ये असतात ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं, आणि एनव्हीडीए बिचारं तेच वाचणार. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर तेवढंही नाही, ती फक्त फोटो.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की गडबड. मग एक एक ओळ मी हाताने दुरुस्त करत बसते. क्लासवाल्यांनी आधीच युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर? पण त्यांचा ऑपरेटर म्हणतो, 'आम्हाला याचीच सवय आहे.'

यंदा आलेल्या पोरांना म्हटलं, काठी राहू दे, रफार आणि वेलांटी न चुकवणारा कन्व्हर्टर करा, एनव्हीडीएमधूनच चालेल असा. दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले. एकाने विचारलं, 'मॅडम, यात हार्डवेअर काहीच नाही. मार्क मिळतील का?'

गाइड सरांना विचारून सांगतो म्हणालेत.