आमची वाटचाल : बॅटनपट्टीपासून पाइपापर्यंत

बेळगावात घरामागच्या शेडमध्ये एक ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि जमलं तर जुनं लेथ मांडून उद्यमबागेतल्या कारखान्यांचं जॉबवर्क करणारे बरेच आहेत. आमचा धंदा अशा शेडच्या वायरिंगचा. भिंत फोडून पाइप गाडायचं काम आम्ही हळूहळू बंद केलं आणि भिंतीवरचं सरफेस काम तेवढं ठेवलं. मशीनची जागा दोन वर्षांत बदलते, गाडलेला पाइप जागचा हलत नाही. शिवाय खानापूरकडच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत सरळ खाच मारायला गेलं की कडा ढासळतात आणि गवंड्याचं बिल वायरिंगपेक्षा मोठं होतं.

आधी लाकडी बॅटनपट्टी होती, तिच्यावर वायर ठोकून न्यायची. मग केसिंग-कॅपिंग आली, म्हणजे झाकणाची चौकोनी पट्टी. बैठकीच्या खोलीला कॅपिंग ठीक आहे. वर्कशॉपमध्ये तिच्या फटीतून बिडाची धूळ आत जाते, पावसाळ्यात ती दमट झाली की जोडांपाशी करंट गळायला लागतो. एखादा बार उचलताना टोक लागलं तर झाकण निघून पडतं, ते वेगळंच. आता आम्ही कडक पीव्हीसी पाइपच वापरतो. मध्यम जाडीचा चालतो, पण कमरेखाली जिथे माल आपटतो तिथे जड ग्रेडचाच घालतो.

तीन बाय साडेचार मीटरच्या शेडला चार पॉवर पॉइंट धरले तर २५ मिमी पाइपाच्या तीन मीटरच्या पाच नळ्या लागतात. आडवा पाइप २.४ मीटर उंचीवर, तिथून १.२ मीटरवर बसवलेल्या बॉक्सपर्यंत उभे उतार. २० मिमी स्वस्त पडतो, पण उतारात वायर खाली जाऊन वर परत येते, म्हणजे २.५ चौरस मिमीच्या सहा वायरी होतात. त्या ओढताना इन्सुलेशन सोलतं. वायर लाल, काळी, हिरवी, प्रत्येकी साधारण २५ मीटर. एका सर्किटवर १६ अँपियरचे दोनच सॉकेट, लाइट वेगळ्या सर्किटवर. वायरीचा जोड पाइपाच्या आत कधीही करायचा नाही.

सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरणारी पट्टी, दर ६० सेंटिमीटरला, बॉक्स आणि बेंडच्या दोन्ही बाजूंना मात्र १५ सेंटिमीटरवर. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) फिरत बसते. आम्ही ८ मिमीची लांब गिट्टी घालतो. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये पाइप तापतो. तीन मीटरची नळी ३० अंशांच्या फरकाला सहा-सात मिमी वाढते. दोन्ही टोकं सोल्युशनने चिकटवली तर पाइप धनुष्यासारखा फुगतो आणि सॅडल उपटतो, म्हणून दोन नळ्या जोडणाऱ्या कपलरची एक बाजू कोरडी ठेवून आत थोडी फट सोडतो.

बॉक्स जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. प्लॅस्टिकचा बॉक्स ग्राइंडरच्या थरथरीने स्क्रूच्या कानापाशी तडकतो. पण लोखंडी बॉक्सला अर्थ जोडायला विसरलं तर प्लॅस्टिकचा बरा म्हणायची वेळ येते. वायर शिरते तिथे भोकाची कडा झाकणारा बुश हवाच, कडा ब्लेडसारखी असते. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. ग्राइंडरच्या ठिणग्या जिकडे उडतात त्या भिंतीवर सॉकेट नको.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडण्याची. दोन एचपीची सिंगल फेज मोटार चालताना १२-१३ अँपियर घेते, सुरू होताना पाच-सहा पट. एमसीबी किती करंटला लगेच तुटते ते तिच्या कर्व्हवर ठरतं. १६ अँपियरची बी कर्व्ह एमसीबी ४८ ते ८० अँपियरच्या दरम्यान लगेच तुटते. सी कर्व्हला ती हद्द ८० ते १६० आहे. मोटारीला सी कर्व्हच लावा. यावर गावोगाव चालणारा उपाय म्हणजे ३२ अँपियरची एमसीबी बसवणं. मग एमसीबी पडत नाही, पण आतली २.५ची वायर तापते आणि कुणाला कळत नाही. २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग पूर्ण करंटवर ३० अँपियर किंवा त्याहून जास्त ओढतं. ते १६च्या सॉकेटवर नको, त्याला ६ चौरस मिमीची वेगळी लाइन द्यावी आणि आधी हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्यावा.

करंट गळला की लाइन तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी आम्ही ऐच्छिक ठेवत नाही. ती उगाच पडते असं वाटलं तर बहुतेक वेळा लाइटचा न्यूट्रल पॉवरच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडलेला सापडतो. अर्थ नसला तरी आरसीसीबी पडते खरी, पण माणूस मशीनला हात लावेल तेव्हा. जांभ्या जमिनीत अर्थचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं.

घरातून शेडकडे येणाऱ्या पाइपाचं भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवतो आणि बाहेरचं तोंड खाली वळवतो. नाहीतर आमच्याकडच्या पावसात पाइपातून आलेलं पाणी थेट बोर्डात उतरतं. सगळ्यात खालच्या बॉक्सला तळाशी ५ मिमीचं भोक पाडतो, आत साचलेला दमटपणा तिथून निघतो.

चालू करण्याआधी मशीनं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने वायरचं इन्सुलेशन मोजतो. एक मेगाओहमच्या खाली आलं तर वायर परत ओढतो. मग पाइपात एक नायलॉनची दोरी सोडतो, पाचव्या पॉइंटसाठी. बोर्डाच्या झाकणाच्या आत कोणती एमसीबी कोणत्या पॉइंटची ते मराठीत आणि कन्नडमध्ये लिहितो, पुढच्या वेळी दुरुस्तीला येणारा वायरमन कुठलाही असू शकतो.