तुम्ही विचारलंत म्हणून : पिग्मीवाल्याच्या लेकीची फीस

“मॅडम, त्या बुडव्याच्या घरात पैसे कामून घातले?” हे मला काउंटरवर विचारून झालं, मंडी बाजारात विचारून झालं, नात्यातल्या एका साखरपुड्यात तर कुंकवाचं बोट कपाळाला लागायच्या आत विचारून झालं. दर वेळी मी “तसं नाही हो” म्हणून सुटले. ते कुणाला पटलेलं दिसत नाही, म्हणून इथल्या एका पतसंस्थेची शाखाधिकारी या नात्यानं कसं आहे ते एकदा लिहितेच.

मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी पतसंस्था, कशी बुडाली, कोण पळालं, कोण आत गेलं, हे अंबाजोगाईच्या माणसाला मी काय सांगणार? 2023 पासून आपल्या जिल्ह्यात एकामागून एक शटरं खाली आली तेव्हा तुम्हीच त्या शटरांसमोर उभे होता. माझा भाग छोटा आहे. त्यातल्या एका मल्टिस्टेटच्या पिग्मी एजंटची मुलगी नर्सिंगला आहे. तिची फीस थकली होती. आमच्या पतसंस्थेच्या धर्मादाय निधीतून वीस हजार रुपये थेट तिच्या कॉलेजच्या खात्यावर गेले. बापाच्या हातात दमडी दिलेली नाही. मंजुरीसाठीची टिपणी मी लिहिली, म्हणून प्रश्न मला.

आधी रागाचं बोलून घेते. “आमच्या ठेवींतून दिले” असं म्हणू नका. ठेव वेगळी, नफा वेगळा. नफ्यातला निदान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, शिक्षण निधीचं देणं जातं, आणि त्यानंतर राज्याच्या 1960 च्या सहकारी कायद्याचं कलम 69 संस्थेला नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढू देतं. धर्मादाय कशाला म्हणायचं तेही आमच्या मर्जीवर नाही. त्यासाठी 1890 चा जुना कायदा पाहायचा. गरिबाला मदत, शिक्षण, औषधपाणी, लोकोपयोगी काम एवढं त्यात येतं. निव्वळ पूजाअर्चा त्यात बसत नाही. सप्ताहाच्या पंगतीची वर्गणी मागायला आलेल्यांना मी हे वाचून दाखवते तेव्हा “पतसंस्था नास्तिक झाली का” असं ऐकून घ्यावं लागतं. पंगतीला दिले असते तर एकानेही हिशेब मागितला नसता, हे तुम्हालाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट, पिग्मी एजंट म्हणजे कोण? उन्हातान्हात, मशीन गळ्यात अडकवून, गाड्यागाड्यावर जाऊन वीस-पन्नास रुपये गोळा करणारा माणूस. त्याला पगार नाही, शेकड्यावर कमिशन. हजेरीपटावर नाव नाही, त्यामुळे भविष्य निर्वाह निधीचा प्रश्नच येत नाही. वसुली चांगली आली की व्यासपीठावर “हा आमचा माणूस”, आणि बुडाली की “तो कमिशन एजंट, त्याचा संस्थेशी संबंध नाही”. आमच्या संस्थेतही नियम हाच आहे. कर्मचारी कल्याण निधीत आमच्या पिग्मीवाल्यांना घ्या, असं मी मागे लागून लागून थकले. अजून झालेलं नाही.

मंजुरीच्या सभेत मी मोठ्या तोऱ्यात बाहेरच्या देशांचे दाखलेही दिले. अमेरिकेत आपल्या पतसंस्थेच्या जातीच्या क्रेडिट युनियन आहेत. त्यांचं राष्ट्रीय फाउंडेशन वादळापुरात घर गेलेल्या कर्मचाऱ्यांना आणि बिनपगारी स्वयंसेवकांना ‘सीयूएड’ नावाच्या निधीतून अनुदान देतं. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा क्रेडिट युनियनांच्या जागतिक परिषदेच्या फाउंडेशननं तिथल्या परागंदा झालेल्या क्रेडिट युनियनवाल्यांसाठी आणि सभासदांसाठी वेगळा निधी काढला. मी म्हणाले, सहकारातला माणूस अडचणीत आला की सहकारानंच धरायचं असतं, जगभर असंच आहे. एका वयस्कर संचालकांनी चष्मा काढून विचारलं, “मॅडम, ते वादळ तिथल्या एखाद्या कारकुनानं आणलं होतं का?”

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मुद्दा नेमका होता. 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कुणी कुणाला लायकी विचारली नाही. 2025 च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, सीना सगळ्याच फुगल्या आणि आमच्या शिपायाच्या घरात गुडघाभर गाळ आला. त्याला त्याच निधीतून रक्कम दिली, सभेत एक हात हरकतीला वर झाला नाही. नदीनं नेलेल्याला द्यायला माणूस लगेच तयार होतो. माणसानं नेलेलं असलं की मग आधी ठरवावं लागतं, हा नेणारा की ह्याचं नेलं.

मी माझ्या टिपणीत ते एका ओळीत ठरवून टाकलं होतं : “सदर एजंट स्वतःच फसवला गेलेला असून त्याच्या कुटुंबाच्या ठेवीही अडकलेल्या आहेत.” दुसरा भाग खरा आहे, त्याच्या सासऱ्याच्या बैलजोडीचे पैसेसुद्धा तिथंच होते. पहिल्या भागाकडे येते, पण त्याआधी मावशींचं सांगितलं पाहिजे.

मावशी भाजी विकतात. आमच्याही सभासद आहेत, पण पिग्मी त्याच्याकडं. तो रोज गाड्यापाशी यायचा, आमचा पोरगा दोन दिवसांआड. शिवाय तिकडं बारा-तेरा टक्के व्याज सांगायचे, आम्हाला तेवढं परवडत नाही. वर्ष भरलं की मावशी पिग्मीची रक्कम तिथंच मुदत ठेवीत टाकायच्या. शटर पडलं तेव्हा त्यांचे एक लाख ऐंशी हजार आत होते. फीस मंजूर झाल्यावर त्या बाजाराच्या दिवशी शाखेत आल्या. काउंटरला गर्दी होती. त्यांनी रांग धरली नाही, सरळ माझ्या काचेसमोर आल्या आणि त्या बुडालेल्या संस्थेच्या ठेवपावत्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

“त्याच्या लेकीची फीस भरली म्हनं तुमी?”

मी बसायला सांगितलं. बसल्या नाहीत.

“ती शिकून सिस्टर व्हईल. माझी लेक घरात बसलीय. सोयरीक मोडली, पैसे न्हाईत म्हनून. तिला काय देता?”

मी जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे, कारण मला ते तेव्हा फार न्यायाचं वाटलं होतं. मी म्हणाले, “मावशी, मुलीच्या शिक्षणासाठी अर्ज द्या, तिलाही देऊ. नियम सगळ्यांना सारखाच आहे.”

त्या हसल्या. “सातवीतून काढली व्हती मी तिला. गाड्यावर बसायला कुनीतरी पायजे व्हतं. गाड्यावर बसली म्हनून तर रोजचे पन्नास निघत व्हते.”

मागची गर्दी गप्प झाली होती. रोखपालानं नोटा मोजायचं मशीन बंद केलं. कलम 69 मला पाठ होतं, 1890 चा कायदा पाठ होता. शिक्षण त्यात आहे, दवाखाना आहे. शाळेतून काढलेल्या मुलीनं साठवलेल्या, लग्नासाठी ठेवलेल्या आणि दुसऱ्यानं बुडवलेल्या पैशाला त्यात मथळा नाही. गरिबाला मदत हा मथळा आहे, पण मावशींच्या नवऱ्याच्या नावावर पावणेदोन एकर जमीन आहे आणि आमच्या समितीनं उत्पन्नाचा दाखला मागायचं ठरवलेलं आहे.

मग त्यांनी विचारलं, “त्याला ठावं व्हतं का, मॅडम? खरं सांगा. तुमी त्याच धंद्यातल्या.”

मी म्हणाले, ते पोलीस बघतील.

“पोलिसाला न्हाई, तुमाला इचारते.” थोडं थांबून, पावत्या गोळा करत म्हणाल्या, “गाडी इकून त्यानं मला तीन हजार आणून दिले. रडत व्हता. मी घेतले. बाकी कोन मायचा लाल आला दारात? चेअरमन आला? म्हनून म्हनलं, ठावं व्हतं का तेवढं सांगा. म्हंजी त्याला शिव्या द्यायच्या का न्हाई ते तरी कळंल.”

मी काही सांगितलं नाही. आता सांगते.

शटर पडायच्या बऱ्याच आधी तो माझ्याकडे आला होता. आमच्याकडं काम मिळेल का विचारायला. बोलता बोलता म्हणाला, “ठेव मोडायला माणूस गेलं की साहेब पुढची तारीख देतेत, मॅडम.” ह्या धंद्यात काम केलेल्याला ह्या वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. मी म्हटलं, मग वसुली बंद कर. तो म्हणाला, “मी बंद केली की बाजारात बोभाटा व्हईल, आन् उद्या बुडायची ती आजच बुडंल. माझ्या हातानं बुडवू का?” आणि तो दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन पुन्हा मावशींच्या गाड्यापाशी गेला.

म्हणजे त्याला ठावं होतं. पुरतं नाही, पण वास आला होता. आणि तो मलाही आला होता. मी मावशींना सावध का केलं नाही, हा प्रश्न तुमच्या तोंडावर आला असेल तर विचाराच. एका पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्यानं दुसरीचं नाव घेऊन “तिथून पैसे काढा” म्हणायचं, पुरावा काय तर एजंटचं एक वाक्य. अफवा पसरवल्याची तक्रार झाली असती ते सोडा. पण एका दारात रांग लागली की सगळ्या दारांत लागते. ती पडली तेव्हा आमच्याही दारात लागली होती. आमची संस्था राज्याच्या कायद्याखाली, तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या डोळ्यांसमोर. ती 2002 च्या केंद्रीय कायद्याखालची, तिचा निबंधक दिल्लीत. हा फरक रांगेतल्या माणसाला कोण समजावणार? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. घाबरलेला माणूस चुकीचा नसतो. दोन दिवस रात्री उशिरापर्यंत पैसे वाटून आम्ही उभे राहिलो. माझ्या तोंडून शब्द आधी गेला असता तर राहिलो असतो का, सांगता येत नाही. मी गप्प बसले. उद्या तसंच घडलं तर पुन्हा गप्प बसेन असं वाटतं, आणि असं वाटणं मला आवडत नाही.

पण मग त्यानं जे केलं आणि मी जे केलं, त्यात फरक कोणता? तो कमिशन घेत होता, मी पगार. त्याच्या हातात मावशींचे पन्नास रुपये पडत होते, माझ्या हातात पडत नव्हते. फरक आहे, मोठा आहे. तरी “स्वतःच फसवला गेलेला असून” हे लिहिणाऱ्या बाईला मी आज भेटले तर म्हणेन, बाई, एवढं धुऊन का लिहिलंस? मुलीला फीस द्यायला बाप निर्दोष असायची गरज नव्हती. मुलीनं कुणाचं काही घेतलं नव्हतं, तेवढं पुरेसं होतं. ती बाई म्हणेल, तसं लिहिलं असतं तर संचालक मंडळानं सही केली असती का? नसती केली. मला मंडळ माहीत आहे.

आणि हेही लगेच मनात येतं की मावशींच्या लेकीनंही कुणाचं काही घेतलं नव्हतं.

मावशींचा अर्ज मीच भरून घेतला. चेअरमनसाहेबांनी वाचला आणि म्हणाले, “एक ठेवीदार घेतला की हजार येतील.” येतील. आमच्या अख्ख्या वर्षाचा धर्मादाय निधी काढला तरी भाजीबाजारातल्या दहा-बारा गाड्यांची बुडीत ठेव त्यातून निघणार नाही. बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना द्यायला 1999 चा कायदा आहे. तो चालतो आहे, तारखांवर तारखा पडताहेत, आणि ते काम त्यानंच करायला हवं, वह्या-दफ्तरं नि फीस भरणाऱ्या आमच्या निधीनं नव्हे. हे सगळं मला पटतं. मावशींसमोर मात्र बोलता आलं नाही. त्यांचा अर्ज येत्या वार्षिक सभेपुढे ठेवायची शिफारस मी केली आहे. एजंटांना कल्याण निधीत घ्यायचा विषयही त्याच पत्रिकेवर आहे. दोन्हींपैकी एकच होईल, किंवा एकही नाही. दोन्ही एकत्र मांडून मी दोन्ही घालवते आहे, असं आमचा लेखापाल म्हणतो.

मावशी हल्ली पिग्मी आमच्याकडं टाकतात. रोज नाही, जमेल तसं. पोरगा गेला की मशीनवरचा आकडा त्या स्वतः लेकीकडून वाचून घेतात, मगच पैसे देतात.

तेव्हा ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांनी सभेला यावं, सभासद क्रमांक सांगून बोलावं, इतिवृत्तात नोंद होईल. आणि नर्सिंगचं दुसरं वर्ष लागतं आहे. त्या मुलीचा अर्ज आला तर मी पुन्हा शिफारस करणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. फक्त ह्या वेळी टिपणीत बापाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.