सोडायला किती वेळ?

पम्यानं काल जे विचारलं ते डोक्यातून जात नाही. रात्रीच्या देणगीच्या जेवणाला जायचं म्हणून त्याला नऊवारी नेसवत होते. निऱ्या माझ्या हातात, दोन पिना ओठांत, आणि हा म्हणतोय, "सोडायला किती वेळ लागतोय गं हे?" नेसायला नाही, सोडायला. "दहा मिनिटं," म्हणाले आणि निऱ्या घालत राहिले. पण लागलं ते लागलंच.

नेसवणारीला असं विचारतात का? नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. बाईच्या कमरेला गाठ अडते, पम्याचं धड सरळसोट, तिथं गाठ अडायला काही नाहीच. आत नायलॉनची लेगिंग असली तर सगळा डोलारा तासाभरात खाली. म्हणून आत सुती थ्रीफोर्थ, तिच्यावर कमरेला परकराची नाडी घट्ट, आणि साडीची गाठ त्या नाडीत अडकवून. उंची पाच फूट दहा. साडीचा पन्हा काही माणूस बघून वाढत नाही, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच, त्यामुळं काठ पोटरीवर थांबतो. तो घोट्यापर्यंत ओढायचा हट्ट केला की काष्टा ताणतो, आणि पहिल्यांदा खाली बसलं की मागून निसटतो. मी गाठ बेंबीखाली दोन बोटं घेतली आणि पोटरी दिसू दिली. रानात राबणाऱ्या बायकांची साडी वरच असायची, त्यात काय.

एवढं सगळं करायचं आणि यानं विचारायचं काय, तर सोडायला किती वेळ.

संत्याचं बरं होतं, त्याला फक्त तोंड रंगवून हवं होतं. दाढी संध्याकाळीच करायची, आधी केसांच्या दिशेनं, मग उलटी, आणि रंगायला बसण्याआधी अर्धा तास कातडी तशीच सोडायची, नाहीतर फाउंडेशन चरचरतं. हनुवटीवरची निळसर छटा नुसत्या फाउंडेशननं झाकत नाही, ट्यूबलाइटखाली ती राखाडी होऊन वर येते. आधी केशरी करेक्टर, अगदी पातळ, बोटानं थोपटून. चोळला की निघालाच. मग फाउंडेशन, मग पावडर. बांगड्या पम्याला २.१० मापाच्या लागतात. काचेच्या घालायच्याच नाहीत, जेवणानंतर हात सुजतो आणि मग साबण लावून ओढाओढ. फिरकीचे तोडे बरे. नाक टोचलेलं नाही, म्हणून दाबाची नथ. गळ्यातला साज दीपीच्या आजीचा. पोकळ पानं, आत लाख भरलेली, ती उष्णतेनं मऊ पडते. म्हणून ड्रायरचं काम आधी उरकायचं, साज मग.

दीपीला फेटा बांधला. तिनं नाही विचारलं सोडायला किती वेळ. ती फेट्यासकट गाडीवरून पुढं गेली, कोल्हापुरातल्या भर गर्दीच्या महाद्वार रोडनं गेली असती तरी लोकांनी कौतुकानंच बघितलं असतं. पाडव्याला फेटे बांधून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो पेपरात येतात की. पम्या मात्र रिक्षा दाराला लागेपर्यंत जिन्यात उभा, अंगावर जर्किन, तोंडाला स्कार्फ. जर्किन न्यायचं कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकानं आपापलं आणलं होतं. तेच जास्त...

असो.

आणि साडीचं कुणाला वावडं आहे म्हणावं तर तेही नाही. खासबागेशेजारच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते केशवराव भोसले पोरवयात लुगडं नेसूनच रंगभूमीवर उभे राहिले. यल्लम्माला सोडलेला, साडी नेसलेला जोगत्या देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, डोक्यावर घेऊन गल्लीत आला की याच गल्लीतल्या आयाबाया त्याच्या परडीत पीठमीठ घालतात, पाया पडतात. देवासाठी चालतं, नाटकासाठी चालतं. जेवायला जायचं म्हटलं की जिन्यात उभं राहायचं.

जेवण चांगलं होतं. पांढरा रस्सा जरा पातळ. तांबड्या रश्शाचा डाग रेशमावर पडला तर पाणी लावायचं नाही, तो पसरतो. टिपकागदानं तेल शोषून घ्यायचं आणि वर टाल्कम पावडर. पदर कमरेला खोचून घे म्हणून आधीच सांगितलं होतं, ऐकतो कुठं. वकीलबाईंनी ६ सप्टेंबर २०१८ चा ३७७ चा निकाल सांगितला, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा, मग १७ ऑक्टोबर २०२३ चा, आमच्या लग्नांना मान्यता नाकारणारा. पहिल्याला टाळ्या, दुसऱ्याला चमच्यांचा आवाज. मग देणगीच्या पावत्या. करसवलतीच्या पावतीवर पॅनवरचं नाव येतं, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही. आमच्या अर्ध्या टेबलानं पैसे दिले आणि पावती नको म्हटलं. पावती घरात सापडते.

तिथं मला पम्याचा प्रश्न परत आठवला आणि पहिल्यांदा जरा हसू आलं. मी आपली रुसून बसले होते, जणू माझ्या निऱ्यांना नावं ठेवली. त्याला निऱ्यांशी घेणंदेणंच नव्हतं. त्याला अकराच्या आत पँट-शर्टात घरी पोचायचं होतं. आई जागी असते.

मग सुटण्यासाठीच नेसवू की. घड्याळ लावून बघितलं नाही, पण आता सगळं डोक्यात बसलंय. कमरेला निरगाठ नाही, सुरगाठ, आणि तिचं टोक डाव्या बाजूला वर ठेवायचं. अंधारात हात गेला पाहिजे. पिना तीनच: खांदा, डावी कंबर, मागं काष्टा. प्रत्येक पिनेत आधी एक मणी ओवायचा, म्हणजे पिनेच्या वेटोळ्यात रेशीम अडकत नाही. काल खांद्याच्या पिनेनं एक धागा ओढलाच, घाईत. काष्ट्याची पिन आडवी, उभी घातली की बसताना उघडते. सोडताना क्रम उलटा: काष्टा, कंबर, खांदा, मग सुरगाठ. खांदा आधी सोडला की पदर पायात येतो आणि माणूस तोंडावर. गजरा केसांत माळायचा नाही, चापाला बांधायचा, चाप काढला की गजरा आलाच. तोंडाला आधी खोबरेल, मिनिटभर ठेवून कापसानं पुसायचं, मग फेसवॉश. थेट पाणी मारलं की काजळ गालावर उतरतं. काजळाची शेवटची रेघ पापणीच्या मुळाशी राहते, तिला कानातल्या काडीवर तेल. टिकलीच्या गोंदालाही तेलच.

कानामागं आणि मानेवर फाउंडेशन राहतं, ते आपलं आपल्याला दिसत नाही. ते मी पुसलं, बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, तो शर्टाची बटणं लावत असताना. मोगऱ्याच्या वासाला मात्र तेल चालत नाही. "लग्नाला गेलतो म्हणून सांगतो," म्हणाला.

पुढच्या वेळेला त्याला खोपा पाहिजे म्हणे. गंगावन दीपीच्या आत्याकडं आहे, पण ते उन्हानं लालसर झालंय आणि याचे केस काळेभोर. आधी ते रंगवून घ्यायला लागेल.