एक ९-पिन हेडर, चार दावेदार: केबिनेटमधल्या यूएसबीची नोंद

केबिनेटच्या आतली यूएसबीची जोडणी बरीचशी मार्गी लागली, म्हणून आतापर्यंतची प्रगती लिहून ठेवतोय. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा), कमी किमतीच्या वर्गातला. त्यावर यूएसबी ३.० चा १९-पिन हेडर (आतल्या केबल जोडायची पिनांची जागा) एक आणि २.० चा ९-पिन हेडर एकच. १९-पिनवर केबिनेटची पुढची दोन पोर्ट बसली. राहिलेल्या ९-पिनवर हक्क सांगणारे चौघे: लिक्विड कूलरचा पंप, पंखे आणि आरजीबीचा (रंगीत दिव्यांचा) कंट्रोलर, वायफाय कार्डाच्या ब्लूटूथची वायर आणि आतला कार्ड रीडर.

सुरुवात हेडरपासूनच केली, कारण त्याची रचना कळली की अर्धं काम होतं. ९-पिन हेडर म्हणजे एक पोर्ट नव्हे, शेजारी-शेजारी बसवलेली दोन स्वतंत्र पोर्ट. १, ३, ५, ७ या ओळीत पहिल्या पोर्टचे पाच व्होल्ट, डी मायनस, डी प्लस (डेटाच्या दोन तारा) आणि ग्राउंड. २, ४, ६, ८ या ओळीत दुसऱ्याचे. नवव्या जागी पिन नसते, दहावी वापरात नसते. पंप किंवा ब्लूटूथच्या वायरला पूर्ण नऊ भोकांचा प्लग असला तरी आत बहुतेकदा चारच तारा असतात. म्हणजे एक उपकरण अख्खा हेडर अडवून बसतं आणि दुसरी ओळ वाया जाते.

म्हणून स्प्लिटर (एका हेडरचे दोन फाटे करणारी केबल) घेताना एकच प्रश्न विचारायचा: तो ओळी वेगळ्या करतो, की त्याच तारांना दोन तोंडं फोडतो? पहिला प्रकार पूर्ण योग्य आहे. त्यात चिप लागत नाही, कारण पोर्ट मुळातच दोन आहेत. दुसरा टाळायचा. यूएसबीच्या डेटा तारांच्या एका टोकाला एकच उपकरण अपेक्षित असतं. जोडलं गेल्यावर प्रत्येक उपकरण आधी शून्य पत्त्यावर उत्तर देतं, मग संगणक त्याला स्वतंत्र पत्ता देतो. एकाच जोडीवर दोघं असतील तर दोघं एकदमच बोलतात आणि विंडोजमध्ये अनोळखी उपकरणाचा संदेश येतो. अशा केबलवर कधीकधी दोन्ही उपकरणं चालतात, ती केवळ एकाच्या तारा वरच्या ओळीत आणि दुसऱ्याच्या खालच्या ओळीत असल्यामुळे.

बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात. तपासायला मल्टिमीटरचा बझर पुरतो, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक प्रोब मूळ प्लगच्या तीन नंबरवर धरा आणि दुसरा दोन्ही फाट्यांच्या डी मायनसला लावून बघा. दोन्हीकडे वाजला तर ती केबल बाजूला ठेवा. एकाच फाट्यावर वाजला आणि दुसरा फाटा मूळच्या चार नंबरला वाजला, तर केबल कामाची. प्रोबचं टोक भोकात जात नसेल तर जंपर वायर आधी घाला. मी पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेली केबल ओळी वेगळ्या करणारी निघाली, आणि पुढचा सगळा आराखडा तिच्यावर उभा आहे.

पहिल्या ओळीवर ब्लूटूथ थेट. दुसऱ्या ओळीवर अंतर्गत हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा), आणि हबवर पंप, कंट्रोलर, कार्ड रीडर. ब्लूटूथला वेगळं ठेवण्यामागे कारण आहे. ब्लूटूथ, पंप आणि कंट्रोलर हे तिघंही १२ मेगाबिटचे. हबची वरची वाट ४८० मेगाबिटची असली तरी १२ मेगाबिटच्या उपकरणांशी बोलायला हबमध्ये एक भाषांतर करणारा भाग असतो, ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर. स्वस्त हबमध्ये तो सगळ्या पोर्टांना मिळून एकच असतो, म्हणजे तिघांना मिळून १२ मेगाबिट. आरजीबीचे रंग सतत बदलत असताना त्याच वाटेवरून हेडफोनचा आवाज पाठवणं मला पटत नाही. प्रत्येक पोर्टला स्वतंत्र ट्रान्सलेटर देणाऱ्या चिप मिळतात, खरेदी करताना चिपचा नंबर बघावा.

विजेचं गणित त्यानंतर. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलीअँपिअर धरायचे, ३.० कडून ९००. पंप आणि कंट्रोलर यूएसबीवरून फक्त हुकूम घेतात, त्यांची ताकद सॅटा पॉवरमधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या थेट तारेतून येते. तरी हबला सॅटा पॉवर दिली, कार्ड रीडरसाठी. इथे एक तपासणी चुकवू नका: हबचं पाच व्होल्ट आणि हेडरचं पाच व्होल्ट आतून जोडलेलं नाही ना. हबला फक्त सॅटा पॉवर देऊन त्याच्या वरच्या प्लगवर व्होल्टेज मोजा, मग उलट बाजूनंही, म्हणजे फक्त हेडर जोडून हबच्या सॅटा प्लगवर मोजा. माझ्या बोर्डवर संगणक बंद असतानाही हेडरवर पाच व्होल्ट असतात, त्यामुळे ही उलटी मोजणी तितकीच महत्त्वाची होती. हबवर दोन्हीकडे शून्य आलं, तेव्हाच तो कायमचा चिकटवला.

जुन्या बोर्डवर काम करणाऱ्यांसाठी: फायरवायरचा (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचा) हेडर याच आकाराचा असतो आणि त्यावर १२ व्होल्टही असू शकतात. पुढच्या पॅनेलच्या ऑडिओ हेडरला आठवी पिन नसते. बोर्डवरची छापील अक्षरं वाचल्याशिवाय प्लग दाबू नका.

जोडणी झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणं जोडणीनुसार लावून पाहिली. हबखाली तिघं आणि ब्लूटूथ थेट मुळाशी, हवं तसं. ब्लूटूथचा अँटेना मात्र केबिनेटच्या मागेच राहील, ३.० च्या केबलपासून लांब. त्या केबलचा रेडिओ गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलनं २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

हबवर एक जागा रिकामी आहे. सोल्डरिंगचं चित्रीकरण करायला दोन वेबकॅम आणतोय, पण त्यांची जोडी हबवर जाणार नाही. ४८० मेगाबिटच्या वाटेवर दर १२५ मायक्रोसेकंदांना ७५०० बाइट मावतात, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे ६०००, कॅमेरा-ध्वनीसारख्या वेळेच्या बांधिलकीच्या कामाला मिळतात. बरेच कॅमेरे सुरू होताना प्रत्येकी ३०७२ बाइटची जागा राखून मागतात. दोघांचे होतात ६१४४. दुसऱ्याला नकार मिळतो, मग प्रत्यक्षात चित्र कितीही लहान असो. हबला कितीही वीज दिली तरी ही वाट रुंदावत नाही. त्यामुळे दोन्ही कॅमेरे मागच्या वेगवेगळ्या पोर्टवर.

सध्या उरलंय ते केबल बांधणं. हबची वरची वायर मदरबोर्डच्या ट्रेमागून काढतोय, आणि ते झालं की कार्ड रीडरवर मोठ्या फाइलची सलग कॉपी लावून हबवरचं व्होल्टेज भाराखाली पुन्हा मोजणार आहे. ४.७५ च्या खाली गेलं तर आधी सॅटाची जोडणी तपासेन, मग वायर जाड घेईन.