तीन अंशांचा कल

एका संग्रहालयाच्या दालनासाठी दोन मीटर उंचीचे निसर्गचित्र करून देण्याचे काम मी स्वीकारले होते. चौकट ठरलेली होती : काठावरचा शेवाळलेला दगड, त्यापुढे डोह आणि डोहापलीकडे सरळ उभा कडा. कॅमेरा चार बाय पाच इंची शीट फिल्मचा. मला उभे राहता येईल असा खडक इतका अरुंद होता की मागे सरकणे शक्यच नव्हते, त्यामुळे १५० मिमीची नेहमीची लेन्स बाद झाली आणि अधिक रुंद दृश्य घेणारी ९० मिमी ठरली. संग्रहालयाच्या प्रतिनिधींनी ‘तुमच्याकडची सर्वांत रुंद लेन्स न्या’ असे सुचवले होते. निसर्गचित्र म्हणजे वाइड लेन्स, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. इथे वाइड लेन्स लागली ती केवळ जागेमुळे.

खरी निवड दोन ९० मिमी लेन्समधली होती. एक एफ/८ ची सुपर अँग्युलॉन (एफ/ हे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा मोठा तितके छिद्र लहान), जिचे प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स फिल्मवर टाकते त्या गोल प्रतिमेचा व्यास, एफ/२२ ला २१६ मिमी आहे. दुसरी त्याच नावाच्या ‘एक्सएल’ मालिकेतली एफ/५.६ ची, २५९ मिमी वर्तुळाची, पण आकाराने मोठी आणि वजनाने जवळजवळ दुप्पट. लेन्स घेताना लोक तीक्ष्णतेबद्दल तासन्‌तास बोलतात, या वर्तुळाबद्दल मात्र क्वचितच विचारतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. कॅमेरा सरळ असेल तर चार बाय पाचच्या फिल्मला साधारण १५३ मिमीचे वर्तुळ पुरते. परंतु कड्याच्या उभ्या रेषा समांतर ठेवून त्याचा माथा चौकटीत घ्यायचा, तर कॅमेरा वर न वळवता लेन्स वर उचलावी लागते, आणि फिल्मची कड वर्तुळाच्या परिघाकडे सरकते. मी आदल्या रात्री कागदावर हिशेब केला होता : उभी चौकट, ३५ मिमी उचल, गरज २१२ मिमीची. चार मिलिमीटर शिल्लक राहत होते. चढ मोठा असल्यामुळे मी हलकी लेन्स उचलली.

पहाटे काळ्या कापडाखाली मी लेन्स वर उचलली आणि ग्राउंड ग्लासच्या, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेच्या, कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सच्या छिद्राकडे पाहिले. छिद्र पूर्ण गोल दिसले, म्हणजे कोपऱ्यापर्यंत प्रकाश पोहोचत होता. त्यानंतर पुढचा दगड आणि मागचा कडा दोन्ही फोकसमध्ये आणण्यासाठी मी लेन्सला तीन अंश पुढे कल दिला, फोकस पुन्हा जुळवला, एफ/३२ लावले आणि ऊन कड्यावर उतरताच चार शीट उघडल्या. कल दिल्यावर कोपरे पुन्हा पाहिले नाहीत.

फिल्म धुऊन आल्यावर चारही शीटवर कड्याच्या माथ्याकडचे दोन्ही कोपरे काळवंडलेले होते. लेन्सला पुढे कल दिला की तिचा अक्ष फिल्मवर वरच्या बाजूला सरकतो. ९० मिमीवर तीन अंशांत हे सरकणे जवळजवळ पाच मिलिमीटर होते, आणि ते माझ्या ३५ मिलिमीटरांत भरच घालत होते. गरज २२१ मिमीपर्यंत गेली होती. ग्राउंड ग्लासवर प्रतिमा उलटी असते, त्यामुळे हे कोपरे खाली होते, आणि अशा लेन्सच्या परिघाजवळ प्रकाश तसाही मध्यापेक्षा सुमारे दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्साच, असतो. तिथला अंधार मी कड्याची सावली समजलो.

तो कल मुळात आवश्यक होता का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. १५० किंवा २१० मिमीवर कल दिल्याशिवाय जवळचा दगड मिळतच नाही, म्हणून हाताला ती सवय लागली आहे. ९० मिमीला एफ/३२ वर अडीच मीटरवर फोकस केला असता, तर तीक्ष्णतेच्या रूढ मापाने (बिंदू किती पसरलेला चालेल, त्या मर्यादेने) सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सारे चालण्याजोगे तीक्ष्ण आले असते, आणि दगड दोन मीटरवर होता. मात्र ते माप लहान छपाईसाठी ठरलेले आहे. दोन मीटरच्या चित्राजवळ जाऊन पाहणाऱ्यासाठी ते दुप्पट कडक धरले, तर फोकस पाच मीटरवर न्यावा लागतो, तीक्ष्णतेची हद्द अडीच मीटरपासून सुरू होते आणि दगड तिच्याबाहेर राहतो.

संग्रहालयाने माथ्याकडची पट्टी कापून चित्र स्वीकारले. तिथल्या मंडळींना ते आवडले. मला कड्याचा माथा चौकटीला टेकलेला दिसतो आणि खुपतो. गेल्या आठवड्यात मी तीच लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, ३५ मिमी उचलली, तीन अंश कल दिला आणि कापलेल्या कोपऱ्यातून पाहिले : छिद्र बदामासारखे निमुळते दिसले. कल काढल्यावर ते पुन्हा गोल झाले. दगड मात्र तिथे नव्हता, त्यामुळे दुसरा प्रश्न तपासायला मला पुन्हा त्या खडकावर जावे लागेल, आणि त्या वेळी मी जड लेन्स नेणार आहे.