एक नंबरला थांब

परवा मावशीला दादरला भेटायचं होतं, मी सवयीने सांगून टाकलं, एक नंबरला जिन्याखाली थांब, आणि मग अर्धा तास आम्ही एकमेकांना शोधत बसलो, ती वेस्टर्नच्या एक नंबरवर आणि मी सेंट्रलच्या पूर्वीच्या एक नंबरवर. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे प्लॅटफॉर्म सलग १ ते १४ झाले, सेंट्रलचा एक आता आठ आहे, हे मला माहीत नाही असं नाही. पण रोज उतरणारा माणूस बोर्ड वाचतो कुठे, पाय आपोआप जातात. "मेल्या, लिहिलंय ते वाचून सांगायचं ना," मावशी म्हणाली, आणि मला उगाचच आमचं पान आठवलं.

पान म्हणजे, मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशनचं, म्हणजे ते कसं बसवायचं हे सांगणारं, पान सांभाळतो. छोटंसंच आहे, वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं. कोड लिहिणारे चार जण आहेत, पान माझ्या गळ्यात पडलं कारण त्या मीटिंगला मी नव्हतो.

लोकांना वाटतं एकदा लिहिलं की झालं. कसलं काय! आपण एक अक्षर हलवत नाही तरी ते शिळं होत जातं. २०२३ मध्ये डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती आली आणि साधं 'पिप इन्स्टॉल' (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, टाकायची कमांड) केलं की सिस्टिम सरळ नाही म्हणायला लागली, हा पायथन आमच्या ताब्यातला, तुमची पॅकेजेस वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, टाका. बरोबरच आहे म्हणा, सोसायटीच्या कॉमन मीटरवर आपली वायर टाकून कसं चालेल. पण आमच्या पानावर नेमकी तीच ओळ, दोन नंबरला, ठळक अक्षरात.

गेल्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या एका मुलाचा रात्री मेसेज, दादा, आहे तसंच केलं तरी अडकलोय. स्क्रीनशॉट बघितला तर पीजी-कॉन्फिग नावाचा छोटा प्रोग्रॅम सापडत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे तर चालतंय (हे वाक्य म्हणणाऱ्याला खरं तर दंड ठेवायला हवा). मग उलगडा झाला, पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणारं पायथनचं पॅकेज तिथल्या तिथे कम्पाइल होतं, म्हणजे कोडपासून तयार होतं, त्यासाठी आधी लिबपीक्यू-डेव्ह हे पॅकेज लागतं, पीजी-कॉन्फिग त्यातच येतं, आणि ते माझ्या लॅपटॉपवर कधीकाळी दुसऱ्याच कामासाठी टाकलेलं. पानावर त्याचं नावच नाही.

तेव्हापासून रविवारी दुपारी कोरं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) उघडतो आणि पानावर आहे तेवढंच करतो, बोटं पुढे पळतात, त्यांना आवरतो. एके ठिकाणी कॉपी-पेस्ट करताना दोन छोट्या डॅशची एक लांब डॅश झाली होती, दिसायला सुबक, टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, शून्य अर्थ. शिवाय कमांडच्या आधीचं ते डॉलरचं चिन्ह, ते नुसतं प्रॉम्प्ट, म्हणजे 'इथे टाइप करा' ही खूण, दाखवायला असतं, पण नवा माणूस तेही कॉपी करतो, आणि का करू नये, आपणच सांगितलंय ना आहे तसं करा म्हणून.

लिबपीक्यूची ओळ शेवटी त्या मुलानेच पानात घालून पाठवली. खाली लिहिलं होतं, "दादा, सातव्या स्टेपला पण गडबड आहे." सातवी स्टेप आहे हेच मला आठवत नव्हतं.